मुलगा ताट घेऊन वर खोलीत जातो, होस्ट फॅमिली त्याच्याशी बोलतच नाही

पत्र:
माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. तीन आठवड्यांच्या इंग्लिश कोर्ससाठी इंग्लंडला गेलाय, दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, राहायला होस्ट फॅमिलीकडे. नवरा-बायको दोघंच आहेत, साठीच्या आसपासचे, मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, एक कुत्रा आहे. आज चौथा दिवस आणि रोज फोनवर रडतोय. म्हणतो हे लोक माझ्याशी बोलतच नाहीत, सहा वाजता जेवण देतात, मग मी ताट घेऊन वर खोलीत जातो आणि तुला व्हिडिओ कॉल लावतो. झोपेपर्यंत आम्ही आणि त्याचे मित्रच असतात त्याला सोबत. काल आंघोळीला जरा वेळ लागला तर बाईंनी बाहेरून दार वाजवलं, ते त्याला फार लागलं. बाकी खोली स्वच्छ आहे, जेवण पोटभर असतं, क्लासमध्येही ठीक चाललंय म्हणतो. एजंट म्हणतो फॅमिली बदलून देतो पण वेगळी फी पडेल. मिस्टर म्हणतात परत बोलव. एवढे पैसे घालून घरात कोणी बोलणारच नसेल तर इंग्लिश येणार कसं? आणि त्या बाईंना मी स्वतः मेसेज करू का?
– काळजीत पडलेली आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याखाली रेघ मारली. तुम्हाला वाटेल रडण्याच्या वाक्याखाली, पण नाही, ताटाच्या. "ताट घेऊन वर खोलीत जातो आणि तुला व्हिडिओ कॉल लावतो." तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात पण माझ्या मते सगळी गोची तिथेच आहे.

आता जरा त्या घराच्या खालच्या मजल्यावर बसून बघा. साठीचं जोडपं, नवीन मुलगा येणार म्हणून टेबल लावलेलं. मुलगा येतो, थँक्यू म्हणतो, ताट उचलतो, जिना चढतो, दार लावतो, आणि मग झोपेपर्यंत वरून एका अनोळखी भाषेत बोलण्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ते काय समजणार? ते समजणार की पोराला एकटं राहायचंय, आपण मध्येमध्ये करू नये. माणसाला त्याच्या खोलीत निवांत राहू देणं हा तिथे चांगुलपणा समजतात, जिना चढून "चल रे खाली, काय करतोस एकटा" असं म्हणणारी माणसं तिथे कमीच. म्हणजे तो वर बसून वाट बघतोय की कोणीतरी बोलवेल, आणि ते खाली बसून वाट बघतायत की हा कधीतरी उतरेल. दोघंही सभ्य आहेत, म्हणूनच अडकलेत.

माझा अंदाज असा की पहिल्या रात्री तुमचा कॉल नेमका जेवणाच्या वेळी आला असेल, त्यानेच विचारलं असेल वर नेऊ का, बाईंनी "ऑफ कोर्स" म्हटलं असेल, आणि तीच पद्धत पडून गेली. हे चुकीचंही असेल, मी काही तिथे नाही. विचारून बघा त्याला.

मी हे हवेत बोलत नाहीये. काही उन्हाळे मी अशा मुलांच्या ग्रुपबरोबर ग्रुप लीडर म्हणून गेलेय. एका वर्षी १४ वर्षांची एक मुलगी रोज सकाळी मला येऊन सांगायची की माझी होस्ट माझा राग राग करते. पाचव्या दिवशी मी त्या बाईंना फोन केला, जरा कडक आवाजातच केला खरं सांगायचं तर, आणि त्या बाईंनी मलाच विचारलं की हिला आमच्याशी बोलू नको असं घरून सांगून पाठवलंय का? त्या रोज संध्याकाळी टीव्हीसमोर तिच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवत होत्या. मला काय बोलावं कळेना. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली ती खुर्ची तर कुत्र्याची आहे ना? असो.

तर तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: आज परत बोलावू नका, आज फॅमिलीही बदलू नका. आधी फोनची वेळ बदला. कॉल बंद करा असं म्हणत नाहीये मी, चौथ्या दिवशी आईचा आवाज एकदम बंद केला तर पोरगं बिथरेल. पण दिवसातून एकच कॉल, आणि तो जेवणाच्या वेळी नाही, जेवण झाल्यावर, झोपायच्या थोडं आधी, १५-२० मिनिटं. त्याच्या बाबांनाही हेच लागू, नाहीतर तुमचा एक संपला की त्यांचा सुरू. आणि कॉलवर पहिला प्रश्न "बरा आहेस ना" हा नको. तुमचा चेहरा काळजीचा दिसला की त्याला रडूच येणार. "आज खाली कोणाला काय विचारलंस?" इथून सुरुवात करा. काही नाही म्हणाला तर रागावू नका, उद्या काय विचारणार ते दोघं मिळून ठरवा. (घरापासून लांब असलेली मुलं आईजवळ धाय मोकलून रडतात आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत कोणाबरोबर तरी खिदळत असतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मोजायचं सोडून दिलं. आई मात्र रात्रभर तळमळते. तो रडतोय ते खोटं नाही, पण तुम्हाला दिसतात ती त्याच्या दिवसातली सगळ्यात वाईट वीस मिनिटं.)

आता "ते बोलतच नाहीत" याबद्दल. बोलत असतील हो, पण ते आपल्याशी बोलणं आहे हे त्याला कळत नसणार. सकाळी बाई म्हणत असतील "यू ऑलराइट?" हा तब्येतीचा प्रश्न नाही, नुसतं नमस्कार-चमत्कार आहे. संध्याकाळी "गुड डे?" म्हणत असतील. हा म्हणत असेल "यस". संपलं. त्यांनी बॉल टाकला आणि याने तो खिशात घातला, मग खेळ पुढे कसा जाणार? त्याला एवढंच शिकवा की यस-नोच्या मागे एक वाक्य जोडायचं आणि एक प्रश्न परत टाकायचा. "यस, वी वेंट टू द बीच. डू यू स्विम देअर?" बस. ग्रामर चुकलं तरी चालतंय. होस्ट लोकांनी इतकं तुटकं इंग्लिश ऐकलेलं असतं की त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. बोर्नमथ, ब्रायटन, ईस्टबोर्न, हेस्टिंग्ज, त्या किनाऱ्यावर कितीतरी घरं वर्षानुवर्षं परदेशी मुलं ठेवत आलीयेत.

अजून दोन गोष्टी ज्यात मुलं हमखास फसतात. एक म्हणजे "हेल्प युवरसेल्फ" म्हटलं की खरंच स्वतः उठून घ्यायचं असतं. ज्या मुलांना आग्रहाची सवय असते ती नको म्हणतात आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबतात, पण तिथे नको म्हणजे नकोच, मग भुकेलं राहून हे लोक किती रुक्ष असं घरी सांगतात. दुसरी म्हणजे सूचना इतक्या मऊ भाषेत येतात की ती सूचना आहे हेच कळत नाही. "यू माइट वॉन्ट टू शॉवर अ बिट अर्लियर" म्हणजे उद्यापासून लवकर आंघोळ कर, असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी.

आणि आंघोळीवरून दार वाजवलं ते मनाला लावून घेऊ नका, त्यालाही सांगा. तिथल्या बऱ्याच जुन्या घरांत गरम पाणी एका टाकीत साठवलेलं असतं, एकाने वीस मिनिटं शॉवर चालवला की टाकी रिकामी आणि पुढच्या माणसाला गार पाणी. बाथरूमही बहुतेक घरात एकच. त्यांनी दार वाजवलं म्हणजे अपमान केला असं नाही, उलट घरातलाच समजून टोकलं, पाहुणा समजत असत्या तर गप्प गार पाण्याने आंघोळ करून त्याच्या इंग्लिश कोर्सच्या शाळेकडे तक्रार लिहिली असती. त्याने स्वतः जाऊन विचारावं, मी किती वाजता आणि किती मिनिटं आंघोळ करू? हाच पहिला प्रश्न होऊ दे. भाषा शिकायला जगात सगळ्यात चांगला विषय म्हणजे घरातली अडचण, कारण त्यात उत्तर खरंच हवं असतं.

दुसरं काम, जेवण खाली. ताट वर न्यायचं नाही. गप्प बसून जेवला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं गप्पच असतात, त्या काळात तोंड बंद आणि कान चालू असतात, ते वाया जात नाही. आणि जेवण झालं की उठून भांडी धुवायला किंवा पुसायला उभं राहायचं. ही माझी फार जुनी युक्ती आहे. टेबलावर समोरासमोर बसलं की १५ वर्षांच्या मुलाला डोळ्यात बघून बोलायला लागतं, त्याची जीभ चिकटते, तेच सिंकपाशी शेजारी शेजारी उभं राहिलं की दोघांच्या नजरा भांड्यांवर, हात कामात, आणि बोलणं आपोआप सुरू होतं. ही प्लेट कुठे ठेवू, हा कसला डाग आहे, याला काय म्हणतात. फोर्क-स्पून सगळ्यांना येतं हो, पण चाळणी, झाकण, पुसायचं फडकं हे शब्द क्लासमध्ये कोण शिकवतं?

आणि घरात कुत्रा आहे! तुम्ही एका ओळीत उरकलंत ते. अहो ही तर लॉटरी आहे. कुत्रा ग्रामर तपासत नाही. शिवाय कुत्रा फिरवायला कोणीतरी रोज बाहेर जातच असणार, "कॅन आय कम विथ यू?" एवढं विचारलं की अर्ध्या तासाचं चालणं आणि बोलणं नक्की. वाटेत दुसरे कुत्रेवाले भेटतात, ते थांबतात, हवामानावर बोलतात. त्याला कुत्र्यांची भीती असेल तर मात्र हे सोडून द्या, उगाच बळजबरी नको.

आता पैशाचं. "एवढे पैसे घालून" हे तुमचं वाक्य मला समजतं पण त्या पैशात नेमकं काय घेतलंय ते बघा. घेतलंय ते झोपायला खोली, ठरलेलं जेवण, सुरक्षित घर आणि इंग्लिश बोलणारं वातावरण. बोलणारी टीचर घेतलेली नाही. होस्टला शाळा आठवड्याच्या हिशेबाने पैसे देते, आणि त्यात कोणी गडगंज होत नाही. ब्रिटनमध्ये राहत्या घरातली फर्निचरसकट खोली भाड्याने दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, त्याला रेंट अ रूम स्कीम म्हणतात, पुष्कळ होस्टचा हिशेब त्याच्या आतबाहेरच असतो. काही जण पैशासाठी करतात, काही जण मुलं उडून गेल्यावर घर खायला उठतं म्हणून, आणि बहुतेक जण दोन्हीसाठी. पैशासाठी करणारे वाईट आणि सोबतीसाठी करणारे चांगले असंही काही नसतं, मी दोन्ही उलटे बघितलेत.

आणि इंग्लिशच्या अपेक्षेचंही एकदा बोलून घेऊ. युरोपातल्या कोर्सेसमध्ये ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा खालून वर सहा पायऱ्या असतात. केंब्रिज परीक्षावाल्यांचा ढोबळ हिशेब असा की शून्यापासून बी१ ला पोचायला शिकवण्याचे साधारण ३५०-४०० तास लागतात आणि बी२ ला ५००-६००, म्हणजे एक पायरी चढायला दीड-दोनशे तास धरा. आठवड्याला ४५ मिनिटांचे २० पिरियड असले तर तीन आठवड्यांत खरे ४५ तास होतात. एक पायरीसुद्धा पूर्ण होत नाही. म्हणजे नुसत्या क्लासच्या जोरावर तो परत येऊन फाडफाड बोलेल असं कोणी सांगितलं असेल तर ते ब्रोशर बोलतंय. या ट्रिपमध्ये मिळतं ते वेगळंच, कान तयार होतो, चुकीचं बोललं तरी आभाळ कोसळत नाही हे कळतं, आणि ते मिळायची जागा क्लास नाही, ते घर आहे. आता तुम्हीच बघा, क्लास दिवसाला तीन तास, आणि संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत त्याच्याशी मातृभाषेत बोलतंय कोण? तुम्ही, बाबा आणि मित्र. राग मानू नका, पण घरात इंग्लिश कोणी बोलत नाही याला थोडे आपणही जबाबदार आहोत.

पण, आणि हे नीट वाचा, मी सगळं मुलावर ढकलत नाहीये. काही वेळा घर खरंच चुकीचं असतं आणि तेव्हा एक रात्रही थांबू नये. एका वर्षी माझ्या ग्रुपमधला एक मुलगा रोज "ऑल गुड" म्हणायचा, कधी रडला नाही, काही नाही. मला संशय आला तो सलग तीन दिवस तोच शर्ट बघून. विचारलं तर कळलं होस्ट कपडे धुवायचे वेगळे पैसे मागत होता, दुपारचा डबा देत नव्हता, आणि दोन संध्याकाळी घराला कुलूप होतं म्हणून पोरगं पायरीवर बसून होतं. शाळेला कळवलं, त्याच संध्याकाळी बॅग उचलून दुसऱ्या घरी. म्हणून रडणारा मुलगा बघून मी तितकी घाबरत नाही जितकी गप्प बसणारा बघून घाबरते.

तुम्ही त्याला या गोष्टी सरळ विचारा, स्पीकर बंद करून, बाबांसमोर नाही, एकट्याला: जेवण पुरतं का, घरात शिरायची किल्ली किंवा सोय आहे का, रात्री कोणी मोठं माणूस घरात असतं का, कोणी न वाजवता खोलीत येतं का, कोणी हात लावतं का किंवा अंगचटीला येतं का, दारू देतं का, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतलाय का, त्या घरात त्याला भीती वाटते का. कंटाळा येतो का असं नाही, भीती वाटते का. यातल्या एकाचंही उत्तर गडबड वाटलं तर माझा वरचा सगळा सल्ला फेकून द्या आणि लगेच शाळेला फोन लावा. ब्रिटिश कौन्सिलची मान्यता असलेल्या शाळेला २४ तास चालणारा इमर्जन्सी नंबर ठेवावाच लागतो, मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली ठरलेली व्यक्ती असते, सेफगार्डिंग लीड म्हणतात, तिच्याशीच बोलायचं असं सांगा. तातडीचं असेल तर तिथला पोलिस-अँब्युलन्सचा नंबर ९९९, आणि मुलांनी स्वतः फुकट फोन करायची चाइल्डलाइन ०८०० ११११. हे त्याच्या फोनमध्ये सेव्ह असू देत, लागणार नाहीत, तरी असू देत.

मान्यता असलेल्या शाळांना होस्टबद्दलही नियम असतात, ते माहीत असले की तुम्हाला मुद्द्याने बोलता येईल. मुलं ठेवण्याआधी घर बघून यावं लागतं आणि नंतर निदान दोन वर्षांतून एकदा परत. एका घरात एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नाहीत. एकच मातृभाषा असलेले दोघं एकत्र ठेवायचे नाहीत, पालकांनी लेखी मागितलं तरच. घरातली बोलायची भाषा इंग्लिश हवी. १८ च्या आतली मुलं ठेवणाऱ्या होस्टची गुन्हेगारी नोंद तपासतात, इंग्लंडमध्ये ते काम डीबीएस चेकने होतं. यात होस्ट गोरेच हवेत असं कुठेही नाही, हेही सांगून ठेवते कारण अशी "तक्रार" घेऊन येणारे पालक मी बघितलेत, मला त्यांची लाजच वाटते. (वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मूल १६ च्या आतलं असेल आणि नात्यात नसलेल्या घरी २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर इंग्लंडमध्ये ते प्रायव्हेट फॉस्टरिंग, म्हणजे परक्याचं मूल खासगीरीत्या सांभाळणं, धरतात, त्या गावच्या कौन्सिलला, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या ऑफिसला, आधी कळवावं लागतं. तुमचे तीनच आठवडे आहेत, तुम्हाला नाही लागू.)

म्हणून एजंटच्या फीला आत्ता हो म्हणू नका. तो मधला माणूस आहे, घर लावलंय शाळेने. राहायची सोय बघणाऱ्या ऑफिसला आजच तुम्ही साधा ईमेल करा: मुलगा लाजाळू आहे, चार दिवस खोलीत जेवतोय, आमचा अंदाज आहे की होस्टना तो एकटं राहू इच्छितो असं वाटतंय, त्याला खाली जेवायला आणि कुत्र्याबरोबर फिरायला आवडेल, हे त्यांना कळवाल का? तक्रारीचा सूर नको. शाळेतून एक फोन गेला की निम्मं काम होतं.

मग थांबा दहाव्या दिवसापर्यंत. मध्ये एक वीकेंड येईल, तोच खरा कस आहे. शनिवारी बहुतेक शाळेची सहल असते, पण रविवारी आपल्याच भाषेतल्या मुलांच्या टोळक्याबरोबर शॉपिंगला जायचं टाळून त्याने घरच्यांना विचारावं की तुम्ही काय करणार आहात. ते बागेत गवत कापत असतील किंवा मुलीकडे जेवायला जात असतील, भारी काही नसेल, तरी जावं. दहाव्या दिवशीही तो खाली जेवतोय, विचारतोय, आणि समोरून खरंच शब्द नाही, तर मग घर बदला, बिनधास्त बदला, आणि कारण लेखी द्या. मिस्टरांना सांगा की परत बोलावणं हा शेवटचा पर्याय आहे, अर्ध्यात सोडलेल्या कोर्सचे पैसे सहसा परत मिळत नाहीत हे एक, आणि पोराच्या डोक्यात "मला जमलं नाही" हे बसतं ते दुसरं. त्याला भीती वाटत असेल तर मात्र पैशाचा विचारसुद्धा करू नका, आणा.

राहिलं त्या बाईंना मेसेजचं. शाळेने त्यांचा नंबर तुम्हाला दिला असेल तर करा की, चार ओळी, त्याला ठेवून घेतल्याबद्दल थँक्स, तो बोलायला वेळ घेतो, भांडी पुसायला आणि कुत्रा फिरवायला त्याला सांगत जा, एवढंच. आंघोळीचा विषय त्यात आणू नका, तो त्याचा आहे. आणि पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवा, कारण १५ व्या वर्षी आपल्या आईने परक्या बाईला आपल्याबद्दल गुपचूप मेसेज केला हे कळलं तर तो पुढचे सतरा दिवस खाली उतरणारच नाही. तो म्हणाला शी आई, नको पाठवूस, तर नका पाठवू. म्हणा, बरं, मग तूच सांग जाऊन, मी आता फोन ठेवते.